अ‍ॅव्हिडली म्हणजे कसं?

मला एक खोड आहे. एखादा शब्द दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा अडकला की तो निघेपर्यंत मला चैन पडत नाही. नवरा म्हणतो, नसत्या उठाठेवी. असतील. पण बदनापुरात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईनं शब्दांची उठाठेव नाही करायची तर मग करायची कशाची?

सोयाबीन काढणीचे दिवस होते. धड्यात एक साधं वाक्य होतं, म्हातारे गृहस्थ रोज सकाळी वर्तमानपत्र अ‍ॅव्हिडली वाचतात. मी ‘आवडीनं वाचतात’ असं सांगून पुढं सरकणार, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“मॅडम, आवडीनं तर माझी आजी पोथीबी ऐकती. मंग ती अ‍ॅव्हिडली ऐकती का?”

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला राग आला. चुकीच्या प्रश्नाचा शिक्षकाला कधी राग येत नाही. मी म्हटलं, “नुसतं आवडीनं नाही गं. अधाशासारखं.” वर्ग फिस्सकन हसला. कुणीतरी म्हणालं, “म्हातारा पेपर खाऊन राह्यला का मॅडम?” मग मीही हसले आणि तास सुटल्यावर घरी जाऊन आधी शब्दकोश काढला.

तिथं मजाच होती. या शब्दाच्या लॅटिन मुळाशी सरळसरळ हाव आहे. पण वापर बघावा तर कुणाचा? पुस्तकं वाचणाऱ्यांचा, क्रिकेट बघणाऱ्यांचा, जुनी तिकिटं जमवणाऱ्यांचा, दुर्बीण गळ्यात अडकवून पक्षी बघत हिंडणाऱ्यांचा. ताटावर बसलेल्या माणसाच्या वाट्याला हा शब्द क्वचितच येतो. त्याच्यासाठी दुसरे शब्द आहेत आणि ते नाक मुरडणारे आहेत. म्हणजे इंग्रजांनी हाव पोटातून उचलून डोळ्यांत आणि कानांत नेऊन ठेवली आणि तिथं गेल्यावर तिला एकदम मान मिळाला.

आपल्याकडं काय आहे, ते मी संध्याकाळी भाकरी थापता थापता मोजायला लागले. अधाशासारखं, हावऱ्यासारखं, हपापल्यासारखं, वखवखल्यासारखं. बकाबका, गपागपा, मचामचा. ओरपणं, हादडणं, चापणं, तुटून पडणं. बापरे! एवढी श्रीमंती, पण बहुतेक शब्द आईनं चिमटा काढून कानात सांगितल्यासारखे. पाहुण्यांकडं गेल्यावर बकाबका खाऊ नको, हावऱ्यासारखं बघू नको. एक आसुसून तेवढा मायेचा, पण आपण आसुसून भाजी खात नाही, आसुसून कुणाची तरी वाट बघतो. मला प्रश्न पडला की पोटभर, जोरात, भान विसरून जेवणाऱ्या माणसाचं कौतुक करायला आपल्याकडं शब्द आहे की नाही? ताव मारणं आहे, पण तोही मागाहून, हसत हसत सांगायचा.

हा प्रश्न मला तेव्हाच का पडला, ते आता कळतं. घरात जेवणाचाच घोर लागलेला होता.

माझे वडील, आप्पा, त्या दिवसांत आमच्याकडं मुक्कामाला होते. ते पिंपळगाव रेणुकाईकडचे शेतकरी. आई गेल्यापासून गावातच माझ्या भावाजवळ राहतात. जालन्याला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धूळ आणि धूर बिलकुल नको. गावात त्या वेळी रस्त्यारस्त्यावर मळणीयंत्रं चालू, सोयाबीनचा भुसा घरातल्या पाण्याच्या माठापर्यंत पोचलेला, वरून चुलीचा धूर. म्हणून भावानं त्यांना आमच्याकडं आणून सोडलं. मला केवढा आनंद झाला होता! लग्नानंतर एवढ्या वर्षांत आप्पा माझ्या घरी दोन दिवसांच्या वर कधी राहिले नव्हते.

आणि आप्पा जेवेनात. अगदीच नाही असं नाही, पण चिमणीसारखं. अर्धी भाकरी, चमचाभर भाजी, घोटभर वरण. मी विचारायची, “आप्पा, अजून?” की त्यांचा हात ताटावर आडवा. “बास, बास. झालं.” ताट मात्र असं स्वच्छ की धुतलं का नाही ते कळू नये. नवरा शहरात वाढलेला, तिथं आग्रह करणं म्हणजे त्रास देणं. तो म्हणायचा, “राहू दे. लागलं तर मागतील की.” मलाही एवढ्या वर्षांत तीच सवय लागलेली. एकदा विचारायचं, नको म्हटलं की पातेल्यावर झाकण.

मी काय काय केलं नाही! मेथीची भाजी केली, शेंगोळे केले, हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला, पिठलं तर दिवसाआड. आप्पा सगळ्याला “बेस झालंय” म्हणायचे आणि चार घास खाऊन उठायचे. त्यांची बंडी खांद्यावरून ओघळायला लागली. मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपरापर्यंत घसरायचं. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, त्यामुळं डोळ्यांत काय आहे तेही दिसेना.

डोळे तपासायला गेलो तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनीच विचारलं, “आजोबा वाळले का हो?” त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. ते डॉक्टर म्हणाले, या वयात अन्नावरची वासना एकाएकी उडाली तर पोटात दुर्बीण घालून बघितलेलं बरं. पुढच्या आठवड्यातला दिवसही ठरवून दिला. घरी येताना जीपमध्ये मी आणि नवरा पावसापाण्याचंच बोलत राहिलो. एका आजाराचं नाव आमच्या दोघांच्याही मनात होतं आणि ते तोंडातून काढायची कुणाची हिंमत नव्हती. मला भीती वाटत होती. शाळकरी पोरीला वाटते तशी.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, “हितून गेल्ते तव्हा तर दोन-दोन भाकरी खात व्हते. तू बराबर खाऊ घालून राह्यली ना?”

“न्हाई, उपाशी ठेवते त्यांना. खांबाला बांधून,” मी म्हटलं आणि फोन आपटला. माझी बोली रागात लगेच माहेरी जाते.

इकडं वर्गात अ‍ॅव्हिडलीचं पीक जोरात आलं होतं. मी प्रत्येकाला एक वाक्य करून आणायला सांगितलं होतं. एकानं लिहिलं, आमची म्हैस अ‍ॅव्हिडली पेंड खाते. दुसऱ्यानं, मी रोज भोकरदनच्या एसटीची अ‍ॅव्हिडली वाट बघतो. त्याला मी समजावलं की बाबा, एसटीची वाट माणूस निराश होऊन बघतो, त्याला दुसरा शब्द आहे. एका मुलीनं लिहिलं होतं, आम्ही जेवायला बसलो की आजोबा आमच्याकडं अ‍ॅव्हिडली बघतात. मी विचारलं, “का बघतात?” ती म्हणाली, “काय म्हाईत. बघतात.” वाक्य बरोबर होतं. मी बरोबरची खूण केली आणि पुढच्या वहीकडं वळले, पण ते वाक्य काही मला सोडेना.

त्या संध्याकाळी माझा मुलगा भाकरी कुस्करून वरणात कालवून खात होता आणि आप्पा समोर हात धुऊन बसले होते. काळ्या चष्म्याआड त्यांचे डोळे कुठं आहेत ते कळत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या गळ्याकडं बघत राहिले. पोरानं घास घेतला की आप्पांच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची. नातवाचं जेवण बघून आजोबांना समाधान वाटतंय, असा मी अर्थ लावला. अर्थ लावण्यात आम्ही इंग्रजीवाले तसे तरबेज.

बाहेर हिंडायची परवानगी मिळाल्यावर आप्पा रोज दुपार कलली की स्टेशनावर जायला लागले. “रेल्वे बघून येतो जरा.” येताना चेहरा टवटवीत असायचा आणि रात्रीच्या ताटावर हात आणखी लवकर आडवा व्हायचा. मला नवल वाटायचं. रेल्वे बघून माणसाचं पोट भरतं की काय?

दुर्बिणीच्या तपासणीला दोन दिवस उरले होते. आप्पांचे जुने कागद दाखवायला मी जालन्याला गेले होते आणि येताना पॅसेंजरनं आले. बदनापूरला उतरले, स्टेशनाबाहेर पडले. तिथं रस्त्याच्या कडेला पत्र्याचं एक हॉटेल आहे. एक बाई चुलीवर भाकरी करते, पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा, एवढंच मिळतं. बाकावर चुलीच्या बाजूला तोंड करून एक म्हातारा बसला होता. धुरात. काळा चष्मा लावून.

मी थांबलेच.

आप्पांनी बुक्कीनं कांदा फोडला. भाकरीचा मोठा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, ठेच्याला टेकवला आणि तोंडात घातला. तो गिळायच्या आत दुसरा तुकडा हातात. कपाळावर घाम, मिशीला पिठलं, टोपी मागं सरकलेली. ते इकडंतिकडं बघत नव्हते. बाईनं न विचारता तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटलीत टाकली, तिथं हात आडवा झाला नाही. बोटं भाजली तरी त्यांनी ती तशीच मोडली. वाफ चष्म्यावर गेली, त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पुन्हा खाली मुंडी.

वर्गात जे समजावताना माझी तारांबळ उडाली होती ते सगळं त्या बाकावर बसलं होतं, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काहीच नव्हतं. इतकं सुंदर जेवताना मी कितीतरी दिवसांत कुणाला पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा मला नुसता आनंद झाला. आप्पांना काही झालेलं नाही! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि लगेच मागून संताप आला. पिठलं? कालच तर मी पिठलं केलं होतं. माझ्या हातचं चार घास आणि या बाईचं ताटलीभर?

मी जाऊन समोरच्या बाकावर बसले.

आप्पांचा हात तोंडापाशीच थांबला. त्यांनी चष्मा घाईनं खाली ओढला, उपरण्यानं मिशी पुसली. “जरासंच घेतलं व्हतं,” ते म्हणाले, “ही बाई म्हन्ली घ्या, म्हनून.”

“माझ्या घरचं गोड लागत नाही का?”

“तसं न्हाई, माय.”

“मग कसं? तिकडं तुमच्या पोटात दुर्बीण घालायला निघालेत डॉक्टर. रोज देवापुढं बसते मी. आणि तुम्ही इथं!” माझा आवाज चढला. बाईनं चुलीतलं लाकूड उगाच पुढंमागं केलं.

आप्पा थोडा वेळ भाकरीचे कण बोटानं गोळा करत राहिले. मग म्हणाले, “तुह्या आत्याच्या घरी माहा बाप एकडाव पोटभर जेवला व्हता. गाडीबैलानं गेल्ता, दिसभराची भूक. तिनं वाढलं, यानं खाल्लं. तर तिच्या सासूनं तिला मरेस्तोवर ऐकवलं. तुह्या बापाच्या घरी चूल पेटत न्हाई वाटतं. भांडं पडलं की तेच, मीठ सांडलं की तेच.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणजे चष्मा माझ्याकडं वळवला. “लेकीच्या घरी बापानं भुकेलं दिसू न्हाई, बाई. लेकीचा मान कमी व्हतो.”

“आप्पा, माझ्या घरी सासू नाही. कोण ऐकवणार आहे मला?”

“पाव्हणे हायेत की.”

“ते काही म्हणतात का कधी?”

“न्हाई म्हनत. लई चांगले हायेत. म्हनून तर सांभाळायचं.”

गप्प बसणं मला जमत नाही. “मग ही बाई तुमची सख्खी झाली का?”

“हितं मी गिऱ्हाईक हाय,” आप्पा म्हणाले. “गिऱ्हाइकाला भूक लागली तं चालतं.”

मला रडू आलं. सरळ, बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना मी शब्दांचे बारकावे शिकवते आणि माझ्या घरात एक माणूस माझ्या मानासाठी उपाशी उठत होता. मी म्हटलं, “मला पण भूक लागलीय.” आप्पांचा चेहराच बदलला. त्यांनी बाईला सांगितलं, “एक ताट लाव, गरम भाकरी दे, जल्दी.” ताटली आली. त्यातली भाकरी त्यांनी स्वतः मोडली, पिठल्यावर कच्चं तेल घालून घेतलं, कांदा फोडून दिला. मी एक भाकरी संपवून “बास” म्हटलं तर त्यांनी ऐकलंच नाही. माझा हात बाजूला सारून दुसरी टाकली. “बास काय? खाय.” आणि मी खायला लागले तसे तेही पुन्हा खायला लागले.

तिथं बसल्या बसल्या माझं डोकं चालायला लागलं. हातात भाकरी मोडून देताना आप्पा किती मोकळे झाले होते! आपल्याकडं पाहुणा म्हणजे ज्याला वाढतात तो. जो वाढतो त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी सगळ्यांत शेवटी बसतो आणि तेव्हा तो किती खातो ते मोजायला मांडवात कुणी शिल्लक नसतं.

डॉक्टरांना मी फोन करून सगळं सांगितलं. ते हसले, म्हणाले, तपासणी लांबणीवर टाकू, पंधरा दिवस पोटभर खाऊ द्या आणि मग वजन दाखवायला आणा. नवऱ्याला मात्र मी हॉटेलचं काही बोलले नाही. तो बापलेकीतला मामला होता. त्याला एवढंच सांगितलं, “उद्यापासून आप्पा वाढतील. तू नको म्हणू नकोस.”

“म्हणजे?”

“म्हणजे नको म्हण, पण त्यांनी मनावर घेऊ नये एवढ्याच जोरात.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताटं मांडली, तीनच, आणि आप्पांना म्हटलं, “माझे हात पिठाचे आहेत. तुम्ही तेवढं सगळ्यांना वाढा.” ते एक क्षण घुटमळले. मग उपरणं कमरेला बांधलं, धोतराचा सोगा वर खोचला आणि पातेलं उचललं. जावयासमोर वाकून म्हणाले, “घ्या पाव्हणे.” नवऱ्यानं सवयीनं हात आडवा केला. आप्पांनी बोटांच्या फटीतून बरोबर ताटात पिठलं सोडलं. “आवं तरन्याताठ्या मान्सानं येवढंसं खायचं व्हय?” माझा मुलगा खिदळायला लागला. त्याच्या ताटात भाकरी, माझ्या ताटात भाकरी, पुन्हा जावयाच्या ताटात भाकरी. एका पोळीवर उठणारा माझा नवरा त्या दिवशी घामाघूम होऊन जेवला आणि शेवटी स्वतःच म्हणाला, “आप्पा, ठेचा द्या जरा.” त्याच्या बापाच्या घरीही त्यानं असं कधी मागून घेतलं नसेल.

आमचं झाल्यावर नवरा आणि मुलगा हात धुवायला उठले. आप्पांनी उरलेल्या दोन भाकऱ्या, पिठल्याचं पातेलं आणि एक कांदा ओढून घेतला आणि स्वयंपाकघरातच, गॅसच्या ओट्याखाली भिंतीला टेकून मांडी घातली. ताट घेतलं नाही. पातेल्यातच भाकरी बुडवली. मी ओट्याशी उभी राहून बघत होते. चष्मा त्यांनी कधीचाच कपाळावर सारला होता. पहिली भाकरी गेली, दुसरी गेली, पातेल्याचं बूड खरवडून झालं. त्यांनी भाकरीच्या रिकाम्या डब्यात हात घातला, वर माझ्याकडं पाहिलं आणि लहानपणी मला ओरडायचे तसे ओरडले, “बघत काय राह्यली? तवा ठेव की परत.”